दादांचा डायलॉग

आमच्या चाळीत लग्न नसताना पहिल्यांदा व्हिडिओ कॅमेरा आला, तेव्हा जो तो विचारत होता, "कुणाचं आहे?" आमच्या कात्रपला तेव्हा कॅमेरा म्हणजे हळद, लग्न, नाहीतर कुणा पुढाऱ्याचा सत्कार. कॅमेऱ्यासोबत नवरी नाही, घोडा नाही, जेवण नाही, हे लोकांच्या पचनी पडेना. आली होती ती नंदिनीताई, मुंबईच्या एका संस्थेची. उंच, खादीचा झब्बा, पायात कोल्हापुरी, खांद्याला झोळी आणि झोळीत गुंडाळलेले चार्ट पेपर. नंदिनीताई मराठी बोलायची, पण आधी इंग्रजीत विचार करून मग बोलते आहे हे आम्हा पोरींनाही कळायचं. वस्तीतल्या बुद्धविहारात सगळ्यांना गोल बसवून ती म्हणाली, "आम्ही तुमच्यावर फिल्म काढणार नाही. तुमची फिल्म तुम्हीच काढायची. ज्या विषयांवर लोक उघड बोलत नाहीत, त्यांवर वस्तीत डायलॉग सुरू व्हायला हवा."

डायलॉग म्हटल्यावर मागे बसलेले पुरुष पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहार गच्च भरला. भगवानमामा रंगाच्या कंपनीत होते, त्यांची नखं बारा महिने निळी. ते कोर्टातला सीन पाठ करून आले होते आणि जजच्या जागी कुणाला बसवायचं ते विचारत होते. एकानं आईच्या प्रेतापुढचा डायलॉग बसवला होता आणि त्याची आई टाळ्या वाजवायला समोर बसली होती. आमचे वडील, म्हणजे दादा, फुलस्केपची तीन पानं लिहून आले होते. नंदिनीताईचा चेहरा पडला. ती म्हणाली, "तसा डायलॉग नाही हो. डायलॉग म्हणजे संवाद."

"तेच की," भगवानमामा म्हणाले. "संवाद पाठ आहेत सगळ्यांचे. तुम्ही फक्त मशीन चालू करा."

मी त्या वेळी दहावी पास होऊन घरी बसले होते. कॉलेजचा फॉर्म भरायला अजून वेळ आहे, असं दादा म्हणाले होते, आणि दादा म्हणाले म्हणजे वेळ होता. मला कॅमेरा कसा मिळाला यात गुणवत्तेचा काही भाग नाही. नंदिनीताईनं पाच जणांना आळीपाळीनं कॅमेरा खांद्यावर घ्यायला लावला. बाकीच्या चौघांचं चित्र हलत होतं. माझं हललं नाही, कारण मी रोज नळावरून दोन हंडे आणि एक कळशी आणायचे आणि त्यातलं पाणी सांडलं तर आई बोलायची. त्या मशीनचं वजन कळशीपेक्षा कमीच होतं. नंदिनीताईनं नंतर अहवालात लिहिलं की मुलीमध्ये उपजत दृश्यभान आहे.

विषय ठरवायला दोन बैठका गेल्या. बायका म्हणाल्या, पाणी घ्या. इथून हाकेच्या अंतरावर जांभूळला पाणी शुद्ध करून कारखान्यांना देतात आणि आमच्या नळाला तासभर धार लागते तीही करंगळीएवढी. नंदिनीताई म्हणाली, हा महत्त्वाचा मुद्दा आहे, पण तो नागरी आहे, आपल्याला सामाजिक हवा. मग एकीनं दारू म्हटलं. तेव्हा पुरुषांपैकी निम्मे विडी ओढायला बाहेर गेले आणि उरलेले पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. जातीचा विषय नंदिनीताईच्या फार मनात होता, पण त्यासाठी वरच्या आळीतले लोक यायला हवे होते आणि ते काही येईनात. शेवटी दादा उभे राहिले आणि म्हणाले, "मुलींची लग्नं लवकर लावून देतात, शिक्षण सोडवतात, या विषयावर फिल्म करावी असा मी ठराव मांडतो." सगळ्यांनी हात वर केले. एकही विरोध नाही. आज वाटतं, ज्या विषयावर सगळ्यांचे हात एका वेळी वर जातात त्यात उघड न बोलण्यासारखं काय असणार, एवढा प्रश्न तरी कुणी विचारायला हवा होता. मीही विचारला नाही. माझाही हात वर होता, आणि मला दादांचा अभिमान वाटत होता.

दादांबद्दल सांगायला हवं. ते अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, आणि उरलेल्या वेळात वक्ते. बारसं असो, कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन असो की कुणाची रिटायरमेंट, दादांचं भाषण हवंच. ते वाईट बोलत नसत. अडचण एवढीच होती की त्यांना खालच्या आवाजात बोलता येत नसे. घरी जेवताना मीठ हवं असलं तरी ते समोरच्या भिंतीकडे बघून "या आमटीत काय कमी आहे याचा विचार ज्यानं त्यानं करावा" असं म्हणत आणि आई उठून मीठ देई. आमच्या दोन खोल्या. मधे दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता. बाहेरच्या खोलीत कॉट, भिंतीवर दोन तसबिरी, दादांची पुस्तकं आणि त्यांना मिळालेल्या शाली. आत आई, पंपाचा स्टो, फळीवर पितळेचे डबे आणि कायम सुकटीचा वास. तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेली सुकट हे आमचं बारमाही जेवण. स्टो एकदा पेटला की त्याचा असा भर्र आवाज व्हायचा की बाहेरच्याला आतलं काही ऐकू जायचं नाही. आई दिवसभर त्या आवाजाच्या पलीकडे काहीबाही बोलत असायची. काय ते आम्हा भावंडांनी कधी कान देऊन ऐकलं नाही. मलाही आता आठवून काही उपयोग नाही.

नंदिनीताईनं चार्ट पेपरवर एक नियम लिहून विहाराच्या भिंतीला लावला होता: "ज्याचा चेहरा, ज्याचा आवाज, त्याचा हक्क." म्हणजे फिल्म आधी वस्तीला दाखवायची, आणि जो तिच्यात आहे त्याला आपलं बोलणं काढायला सांगायचा अधिकार. हा नियम लोकांना फार आवडला. भगवानमामांनी तर शूटिंगच्या आधीच आपला भाग काढू नये म्हणून अर्ज दिला.

दादांचं शूटिंग घरातच झालं. मागे पुस्तकं दिसली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं, आणि मी बटण दाबल्यावर घसा खाकरून सुरू केलं. पहिल्या टेकला "भगिनींनो" म्हणाले आणि समोर मी एकटीच होते म्हणून थांबले. दुसऱ्याला कोंबडं आरवलं. तिसऱ्याला शालींची घडी नीट दिसत नाही म्हणून उठले. चौथ्याला आतल्या स्टोचा आवाज खटकला.

"तो स्टो बंद कर," दादांनी आत आवाज दिला. "इथे काम चाललंय."

"भात अर्धा शिजलाय," आई म्हणाली.

"भात काय पळून जातोय?"

आईनं किल्ली सोडली आणि स्टो फुस्स करून बसला. शेजारच्या कमलमावशी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्या आतच टेकल्या. घर एकदम शांत झालं. मग दादा असे काही बोलले की माझ्या अंगावर काटा आला. मुलगी शिकली पाहिजे, नुसती सही करण्यापुरती नाही तर स्वतःच्या पायावर उभं राहण्यापुरती. जो बाप मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेतो तो तिचा हात तोडतो. तीन मिनिटं, एकदाही न अडखळता. मी बटण बंद केलं तेव्हा मला वाटलं, या माणसाच्या पोटी जन्म घेतला हे माझं भाग्य. हे आता लिहिताना हसू येतं, पण वाटलं हे खरं.

फिल्म जोडायला उल्हासनगरला जावं लागलं, कारण संस्थेचं मशीन बिघडलं होतं. कॅम्प तीनमध्ये लछूशेट नावाच्या सिंधी गृहस्थांचं लग्नाच्या कॅसेटी मिक्सिंग करायचं दुकान होतं. दहा बाय आठची खोली, दोन टीव्ही, दोन व्हीसीआर, पंखा आणि अगरबत्ती. लछूशेटनी आयुष्यात लग्नाखेरीज काही जोडलं नव्हतं. आमच्या कॅसेटमध्ये पहिल्यांदा भगवानमामा दिसल्याबरोबर त्यांनी त्यांना बदामाच्या आकारात बसवलं. नंदिनीताई म्हणाली, हे नको. "क्यूं बेटी, अच्छा लग रहा है," लछूशेट म्हणाले. "लडके का चाचा है ना?" नवरामुलगा कोण ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण माणूस कामाचा होता.

दुपारी नंदिनीताई संस्थेला फोन करायला नाक्यावर गेली तेव्हा दादांची कॅसेट लागली. लछूशेटनी कानाला हेडफोन लावले, कपाळाला आठ्या घातल्या आणि हेडफोन माझ्याकडे दिले. "सुन. पीछे लेडीज लोग बात कर रही है. साफ आ रहा है. बोल तो ऊपर शहनाई डाल दूं?"

मी ऐकलं. पुढे दादांचा आवाज, मुलगी शिकली पाहिजे. आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या फटीत, मागून, आईचा. शूटिंगच्या वेळी आमचे दोघांचेही कान दादांच्याच आवाजाकडे होते.

"रविवारी वांगणीचे येणारेत सुजाताला बघायला."

"अगो बाई! आणि हे बाहेर काय बोलतायत?" कमलमावशींचा आवाज.

"ते बोलतात. तिची मार्कलिस्ट कुठाय माहितेय? यांच्या ट्रंकेत. परवाच शाळेतून आणून ठेवलीय. फॉर्मची तारीख गेली की पोरगी आपोआप घरी बसेल, म्हणतात. आता बोलून ठेवायचं, अठरा भरली की लग्न."

"मग तू सांग की त्यांना."

"मला कुणी विचारलंय?"

आणि दादा: "जो बाप मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेतो..."

आपलं लग्न ठरतंय ही बातमी लग्नाच्या कॅसेटींच्या दुकानात, हेडफोनमधून, एका परक्या माणसाच्या खुर्चीत बसून कळणारी माझ्या माहितीत मी एकटीच. रडू वगैरे आलं नाही. आधी राग आला तो मार्कलिस्टचा, कारण मी तिच्यासाठी शाळेत दोन खेपा घातल्या होत्या आणि शिपाई मला हसला होता. मग मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. दुसऱ्यांदा एक गोष्ट ध्यानात आली. आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोन पाट मांडले की भरणारं. आई आणि कमलमावशी हातभर अंतरावर बसल्या असणार. इतक्या जवळ बसलेल्या दोन बायका इतक्या मोठ्यानं कशाला बोलतील? पुढे मी आईला हे कैक वेळा विचारलं. "मला काय कळतंय तुझ्या मशीनमधलं," एवढंच उत्तर.

"तो? शहनाई डालूं?" लछूशेटनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "गाना मत डालो, अंकल. जैसा है वैसा रखो."

"आवाज खराब रहेगा."

"रहने दो."

त्यांनी हेडफोन परत कानाला लावले. त्यांना तीन मुली होत्या असं मागाहून कळलं. मग त्यांनी न विचारता आवाजाचं बटण जरासं पुढे सरकवलं. नंदिनीताई परतली तेव्हा तो भाग जोडून झाला होता.

फिल्म शनिवारी दाखवली. विहारात भाड्याचा मोठा टीव्ही आणि बाजूला भीमगीतांच्या कार्यक्रमाचे दोन स्पीकर, पुरुषभर उंचीचे. वायरमननं पैसे पूर्ण घेतले होते म्हणून आवाजही पूर्ण ठेवला. पुढे सतरंजीवर मुलं, मग बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष. दादा मधल्या खुर्चीत, तोच पांढरा सदरा. भगवानमामांच्या कोर्टाला टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टीही मारली. मग दादा आले. पडद्यावरच्या दादांनी "मुलगी शिकली पाहिजे" म्हटलं आणि त्यांच्या मागून, खुद्द त्यांच्याइतक्याच आवाजात, आई म्हणाली, "रविवारी वांगणीचे येणारेत."

पहिल्यांदा लोकांना वाटलं मागे कुणीतरी बोलतंय. दोन-चार जणांनी मागे वळून श्श केलं. मग मार्कलिस्टची ट्रंक आली आणि बायकांच्या बाजूला एकदम हशा पिकला. हसू कसं आवरायचं ते कुणाला कळेना. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कोणाच्या ट्रंकेत म्हणाली?" आणि शेजारणीनं सांगितलं, मोठ्यानं. दादांची तीन मिनिटं एवढी लांब असतील असं मला शूटिंगच्या वेळी वाटलं नव्हतं.

संपल्यावर दादा उभे राहिले. चेहरा लाल, पण आवाज व्यासपीठाचाच. "नंदिनीताई, तुमचा नियम काय आहे? ज्याचा चेहरा त्याचा हक्क. तो चेहरा माझा आहे. माझा सगळा भाग काढून टाका."

नंदिनीताई गोंधळली. आयुष्यभर तिला हवा होता तो डायलॉग समोर घडत होता आणि तो कसा चालवायचा हे तिच्या कुठल्याच चार्ट पेपरवर नव्हतं. तेवढ्यात भगवानमामा उठले. या माणसाला कोर्टाचा नाद होता हे आमच्या पथ्यावर पडलं. "हरकत आहे!" ते म्हणाले. "नियम पूर्ण वाचा. ज्याचा चेहरा, ज्याचा आवाज. चेहरा शांतारामचा, कबूल. पण आवाज त्याच्या एकट्याचा नाही. वहिनींना विचारलं पाहिजे."

सगळे आईकडे वळले. आई बायकांत, खांबाला टेकून बसली होती, पदर तोंडाशी. तिला असं भर सभेत कुणी कधी काही विचारलं नव्हतं. नंदिनीताई जवळ जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुमचा आवाज आहे. ठेवायचा की काढायचा? तुम्ही म्हणाल तसं."

आईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, "खोटं आहे का त्यात काही?"

"तसं नाही, पण तुमची इच्छा..."

"खोटं नसेल तर राहू द्या," आई म्हणाली, आणि चटकन जोडलं, "त्यांचंही राहू द्या. त्यांनी पाठ केलंय."

दादा निघून गेले. सकाळी माझ्या उशाशी मार्कलिस्ट होती, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास लागलेली. आईनं काढून ठेवली की दादांनी, ते मी विचारलं नाही. विचारून उत्तर नको ते आलं असतं तर पंचाईत.

ही फिल्म संस्थेनं पुढे दिल्लीला आणि परदेशातही दाखवली असं ऐकलं. बऱ्याच वर्षांनी नोकरीच्या निमित्तानं एका कार्यशाळेत ती मला अचानक बघायला मिळाली, खाली इंग्रजी अक्षरांसकट. दादांचं भाषण अख्खं भाषांतरित केलेलं होतं, सुंदर. आई बोलायला लागली तिथे खाली कंसात एवढंच होतं: स्वयंपाकघरातले आवाज. मग चर्चा झाली. ग्रामीण पित्यांमध्ये किती सकारात्मक बदल घडतोय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी चहा प्यायले आणि हजेरीपटावर सही करून घरी आले.

तर रविवार. वांगणीच्या लोकांना येऊ नका म्हणून कळवणार कोण, हे कुणीच ठरवलं नव्हतं, तेव्हा ते आले. मुलगा, त्याचे मामा आणि एक आत्या. आईनं मला पोहे करायला सांगितलं. माणसं घरी आली म्हणजे पोहे, त्यात तत्त्वाचा प्रश्न नव्हता. मी पडद्याआड पोहे परतून स्टो बंद केला आणि कान बाहेर ठेवला. मामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवून विषय काढला, मुलगा पर्मनंट आहे वगैरे. फटीतून मला दादांची पाठ दिसत होती, सदरा मळखाऊ, रोजचा. शेवटी ते म्हणाले, "त्याचं असं आहे... मुलगी... म्हणजे तिचं आत्ता नाही. ती शिकेल म्हणतेय. शिकू दे म्हणतो."

इतकं वाईट बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"अहो, मग बोलावलंत कशाला?" मामा चिडले. "कल्याणचं एक स्थळ होतं आजच, ते सोडून आलो."

"बोलावलं तेव्हा माझं ठरलं नव्हतं," दादा म्हणाले.

"आणि आता ठरलं?"

दादांनी होकारार्थी मान हलवली. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. मुलानं बशी घेतली, तोही सुटल्यासारखा दिसला. आत्याबाईंनी लिंबू मागितलं, ते कमलमावशी आपल्या घरून घेऊन आल्या. मामांनी रागारागानं दोन घास खाल्ले, तिसरा सावकाश खाल्ला, आणि मग माझ्याकडे बघून, तक्रारीच्याच सुरात, विचारलं, "काय शिकणार आहेस गं?"

इतके दिवस माझ्यावर ठराव झाला, फिल्म झाली, सभा झाली, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. नंदिनीताईनंही नाही. मी स्वतःलाही नाही. दादा, आई, कमलमावशी, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्याकडे पाठ केलेलं काहीच नव्हतं.

"कॉमर्स," मी म्हणाले. त्या क्षणी तोंडात तेवढाच शब्द आला. त्यावर मी तीस वर्षं नोकरी केली.